घरून नोकरी, घरूनच धंदा: आधी काय आणि मग काय

घरून नोकरी करणाऱ्याच्या डोक्यात आज ना उद्या स्वतःच्या कामाचा विचार येतोच. मग पहिली धाव लोगो, वेबसाइट आणि फर्मच्या नावाकडे जाते. ऑफर लेटर उघडायची आठवण होते ती एचआरचा मेल आल्यावर. काय काय करावं लागतं हे बहुतेकांना ठाऊक असतं, घोळ होतो तो क्रमात.

पुढचे टप्पे कोणासाठी? पुण्यात बसून मुंबई, बंगळूर किंवा परदेशातल्या कंपनीचं काम करणाऱ्या आणि जोडीला स्वतःची सेवा विकू पाहणाऱ्यांसाठी. वस्तूंच्या व्यापाराचे नियम वेगळे आहेत, ते इथे लावू नका.

## १. तुम्ही नोकर आहात की कंत्राटदार?

पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो, वर्षाअखेर फॉर्म १६ येतो, तर तुम्ही नोकरीत आहात. दर महिन्याला तुम्हीच बिल पाठवता आणि त्यावर पैसे येतात, तर तुम्ही कंत्राटदार आहात. कंपनीचा ईमेल आयडी असो, रोजची स्टँडअप (सकाळची छोटी बैठक) असो की सुट्टीसाठी विचारावं लागो, त्यानं फरक पडत नाही.

परदेशी कंपनीचं काम थेट करणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे उशिरा कळतं. कंत्राटदाराला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कंपनीचा आरोग्य विमाही बहुधा नाही, आणि कर स्वतः भरायचा. म्हणजे धंदा आधीच सुरू झालेला असतो, नोंद तेवढी नसते. अशांनी टप्पा २ मधलं बौद्धिक संपदेचं कलम वाचावं आणि कागदपत्रांचा टप्पा ६ लगेच हाती घ्यावा, ग्राहक मिळण्याची वाट पाहू नये.

## २. करार पूर्ण वाचा, मग परवानगी मागा

ऑफर लेटर, नेमणुकीचा करार आणि कर्मचारी नियमावली हे तीन वेगळे कागद असतात. मनाई बहुधा तिसऱ्यात दडलेली असते. चार गोष्टी शोधा: दुसरं काम करण्यावर बंदी, स्पर्धाबंदीचं कलम, बौद्धिक संपदा कोणाची, आणि नोटिशीचा काळ (आयटीत ६० ते ९० दिवस सर्रास असतात).

यातल्या दोन गोष्टींबद्दल गैरसमज फार. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतरची स्पर्धाबंदी सहसा टिकत नाही, हे खरं. पण नोकरीत असताना घातलेली बंदी टिकते. ‘कलम २७ आहे ना’ म्हणून आजच ग्राहक घेणारा स्वतःहून अडचणीत जातो. दुसरा गैरसमज बौद्धिक संपदेचा. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते. काही करार याच्याही पुढे जाऊन ‘नोकरीच्या काळात केलेलं सगळं’ मागतात. असं वाक्य दिसलं तर ते लेखी सैल करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परवानगीचा मेल छोटा ठेवा. त्यात चारच गोष्टी असाव्यात: काय काम करणार, कोणत्या प्रकारच्या ग्राहकासाठी, कोणत्या वेळात, आणि कंपनीची उपकरणं व माहिती वापरणार नाही याची हमी. उदाहरणार्थ:

> ‘शनिवार-रविवारी लघुउद्योगांसाठी स्टॉक व हिशेबाचे एक्सेल रिपोर्ट तयार करून देण्याचं काम घ्यायचा विचार आहे. आपल्या क्षेत्रातला ग्राहक घेणार नाही. स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचं इंटरनेट वापरेन. नियमावलीप्रमाणे लेखी संमती मिळावी.’

‘मॅनेजरला तोंडी सांगितलंय’ याला संमती म्हणत नाहीत. मॅनेजर बदलतात, मेल राहतो.

सावध: दोन नोकऱ्या एकाच वेळी, दोन्हीकडे पीएफ, हा प्रकार लपत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असतो आणि त्यावर दोन्ही नोंदी एकमेकांवर चढलेल्या दिसतात.

तपासणी: लेखी संमती हातात आहे? ती कंपनीच्या मेलबॉक्सबाहेर जपून ठेवली आहे? स्वतःच्या कामासाठी वेगळा लॅपटॉप आहे? तिन्हीला ‘हो’ आल्याशिवाय पुढचा टप्पा नको.

## ३. वीज, इंटरनेट, आवाज

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, पाणीही अनेकदा गुरुवारीच बंद. म्हणून ग्राहकाची महत्त्वाची कॉल किंवा डेमो गुरुवारी सकाळी ठेवू नका. सोसायटीच्या जनरेटरवर भिस्त ठेवण्याआधी तो फक्त लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालवतो का, ते सेक्रेटरींना विचारा.

इन्व्हर्टरचं गणित सोपं आहे. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, साधा पंखा ७०, दिवा १०: एकूण १९० वॅट. १५० एएचची १२ व्होल्ट बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात साठ टक्के धरा, म्हणजे साधारण १,१००. साडेपाच-पावणेसहा तास निघतात. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) असेल तर सात.

चूक मात्र बॅटरीत होत नाही. राउटर ज्या सॉकेटला लावलाय ते इन्व्हर्टरच्या लाइनवरच नसतं, ही एक. दुसरी बारीक आहे: वीज जाताच इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात फायबरचा डबा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि कॉल दोन-तीन मिनिटं जाते. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा. नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा, आणि डबा व राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही जोडा.

इंटरनेटची दुसरी सोय वेगळ्या कंपनीची हवी आणि तिची वाटही वेगळी हवी. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदला की दोन्ही एकदम जातात. म्हणून दुसरी सोय मोबाइल डेटाची ठेवलेली बरी. एकदा कामाच्या दिवशी मुख्य केबल स्वतः काढून तासभर काम करून पाहा.

आवाजाचं म्हणाल तर गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळीच रंगतो, आणि अमेरिकेची सकाळ तेव्हाच उजाडते. चांगला माइक असलेला हेडसेट जुलैच्या आत घ्या.

## ४. नोकरीत दिसायला लागा

धंद्याच्या नादात नोकरीतली वाढ थांबते, ही तक्रार नेहमीची. खरं तर घरून काम करताना वाढ धंद्यामुळे कमी आणि न लिहिल्यामुळे जास्त थांबते. ऑफिसात चहाच्या टपरीवर कळणाऱ्या गोष्टी इथे कोणालाच कळत नाहीत.

रोजचा निरोप. ‘पेमेंट मॉड्यूलवर काम चालू आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही मिळत नाही. त्याऐवजी:

> ‘रिफंडमधला दोष सापडला: रक्कम दोनदा वजा होत होती. दुरुस्ती तपासणीला दिली आहे. उद्या दुपारी ३ पर्यंत हरकत आली नाही तर लाइव्ह करतो. बँकेच्या टेस्ट अकाउंटची परवानगी अजून आलेली नाही. शुक्रवारपर्यंत न मिळाल्यास पुढचा टप्पा सोमवारवर जाईल.’

यात झालेलं काम आहे, निर्णयाची वेळ आहे, अडचण आहे आणि अडचणीची किंमतही आहे. समोरचा न्यूयॉर्कमध्ये झोपलेला असला तरी काम अडत नाही. वाईट बातमी पहिल्या ओळीत द्या. शेवटच्या परिच्छेदात लपवलेला उशीर मॅनेजरला उशिराच कळतो, आणि मग तो तुमच्या नावावर लागतो.

महिन्याचं एक पान. काय पूर्ण झालं, त्याचा आकड्यात परिणाम काय, कोणाला मदत केली, पुढे काय. दर महिन्याच्या शेवटी मॅनेजरला पाठवा. मूल्यमापनाच्या वेळी तो हेच कॉपी करतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

बढतीचं वेळापत्रक. वर्ष मार्चअखेर संपणाऱ्या कंपन्यांत नावं बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात, डिसेंबरअखेरवाल्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मूल्यमापनाच्या बैठकीत बढती मागणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. चार महिने आधी विचारा: ‘पुढच्या हुद्द्यावरची माणसं कोणतं काम करतात जे मी अजून करत नाही?’ उत्तर ऐकून झालं की तेच मुद्दे मेलवर लिहून पाठवा आणि बरोबर समजलं का ते विचारा.

घड्याळ. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. लंडनचे ९ म्हणजे दुपारचे १:३० किंवा २:३०. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत दोघांना एकत्र बोलावलंत तर एकजण हमखास चुकतो. बैठकीचं आमंत्रण ग्राहकाच्या टाइम झोनमध्ये बनवा.

रोज दोन-तीन तास सामाईक ठरवा आणि ते पाळा. दिवसभर हिरवा ठिपका पेटता ठेवून प्रत्येक निरोपाला मिनिटात उत्तर देणारा माणूस उपलब्ध म्हणून ओळखला जातो, कामाचा म्हणून नव्हे.

## ५. काय विकायचं आणि कितीला

नोकरी चालू असताना आठवड्याला आठ-दहा तासांपेक्षा जास्त विकायला नसतात. म्हणून पहिली सेवा अशी निवडा जिला सुरुवात आणि शेवट आहे आणि जी ऑफिसच्या वेळेत फोन मागत नाही. ‘वेबसाइटची देखभाल’ नको, ‘स्टॉकचा मासिक रिपोर्ट, दर ५ तारखेला’ चालेल.

दर काढताना पगाराला तासांनी भागू नका. १० लाखांचा पगार २,११२ तासांनी (१२ महिने, दरमहा १७६) भागला की ४७३ रुपये येतात, आणि लोक पाचशे रुपये तास सांगून मोकळे होतात. नीट मांडणी अशी:

- हातात हवेत: १०,००,०००
- विमा, निवृत्तीची तरतूद: १,५०,०००
- लॅपटॉप, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, सीएची फी: १,२०,०००
- बुडीत, रिकामे आठवडे, कराचा फरक: २,३०,०००

एकूण १५ लाख. वर्षातून शनिवार-रविवार, सण आणि आजारपण वजा जाता २२५ दिवस. दिवसातले बिल करता येतील असे तास पाच, उरलेला वेळ मेल, कोटेशन आणि वसुलीत जातो. म्हणजे १,१२५ तास. दर साधारण १,३३३ रुपये. आज नोकरी आहे म्हणून कमी घेतलात, तर उद्या नोकरी सोडल्यावर त्याच ग्राहकाला दुपटीनं वाढवून सांगावं लागेल, आणि तो जाईल.

भोसरी, चाकण, रांजणगावच्या लघुउद्योगांत हिशेब, रिपोर्ट, ड्रॉइंग, कॅटलॉग, निर्यातीची कागदपत्रं अशी भरपूर कामं आहेत. तिथे एकदा प्रत्यक्ष जाऊन बसल्याशिवाय काम मिळत नाही आणि पैसे सावकाश येतात. परदेशी ग्राहक वेळेवर देतो, पण त्याला सगळं लेखी हवं असतं. आमचं मत विचाराल तर पहिला ग्राहक गावातला घ्या: चूक झाली तर समोर जाऊन निस्तरता येते. ओळखी वाढवायला सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम उपयोगी पडतात.

## ६. कागदपत्रं, याच क्रमानं

१. शॉप अॅक्ट. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

२. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. ही नोंदणी पहिला करार होण्याआधीच करा. उशिरा पैसे देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध सूक्ष्म व लघु उद्योगाला मिळणारं संरक्षण नोंदणीच्या आधीच्या कामाला मिळेलच याची खात्री नसते.

३. चालू खातं. फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागतात, वरचे दोन चालतात. पगाराच्या खात्यात धंद्याचे पैसे घेऊ नका. वर्षाअखेर वेगळे करताना नाकी नऊ येतात.

४. जीएसटी, लागला तरच. सेवांसाठी महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल, परराज्यातला ग्राहक धरूनही. पगार यात मोजत नाहीत; निर्यात आणि फ्लॅटचं भाडं मोजतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची गाडी इथेच अडते. जीएसटीला नोंदवलेला भाडेकरार, मालकाच्या नावचं वीजबिल आणि बहुधा मालकाचं संमतिपत्रही लागतं. ‘घर कमर्शियल होईल’ या भीतीनं मालक नाही म्हणतात. अकरा महिन्यांचा करार नवा करतानाच ही संमती मागा, मध्येच मागितली की शंका येते.

प्रायव्हेट लिमिटेडनं सुरुवात करू नका. उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण आणि दरवर्षीची विवरणं सक्तीची असतात.

## ७. पहिलं काम: आधी कागद, मग काम

करार दोन पानांचा पुरे, पण पुढचं सगळं त्यात हवं: काय देणार, काय देणार नाही, तारखा, किती वेळा बदल मोफत (दोन), रक्कम, आगाऊ ३० ते ५० टक्के, आणि हक्क केव्हा जाणार. हक्काचं वाक्य ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावर’ असंच लिहा. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी ग्राहकाचा वकील हे पहिल्याच वाचनात पकडतो.

भारतीय ग्राहकाच्या बिलावर उद्यम क्रमांक छापा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायची वेळ सहसा येत नाही, क्रमांक दिसला की अकाउंट्सवाले बिल वर घेतात.

सावध: ‘एवढं जरा करून द्या’ हे वाक्य आलं की लगेच मेल करा: हे करारात नाही, इतके तास लागतील, इतके रुपये होतील, करू का? फुकट करायचं ठरवलंत तरी बिलात शून्य रुपये लावून दाखवा.

## ८. परदेशातले पैसे

अमेरिकी ग्राहक कराचा फॉर्म मागतो. भारतात राहणाऱ्या भारतीय व्यक्तीनं डब्ल्यू-८बीईएन भरायचा. डब्ल्यू-९ अमेरिकी नागरिक-रहिवाशांचा, तो घाईत भरू नका. प्रत्येक रकमेचा एफआयआरए म्हणजे परकीय चलन आल्याचा दाखला बँकेकडून मागून घ्या, आणि पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) कामाशी जुळतो का बघा (सॉफ्टवेअर सल्लासेवेचा पी०८०२). बँकेनं ‘घरखर्चासाठी नातेवाइकांकडून’ असा कोड टाकला असेल तर लगेच बदलून घ्या, नंतर निर्यात सिद्ध करणं अवघड जातं.

जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीवर कर न भरता बिल करण्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र लागतं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच असतं. एप्रिलमध्ये नवं न भरता बिल काढणं ही दरवर्षीची ठरलेली चूक.

## ९. कर

कंपनी फक्त पगारावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते. धंद्याचं उत्पन्न त्या पगाराच्या वर बसतं, म्हणून त्यावर तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो. येणाऱ्या प्रत्येक रकमेतून तेवढा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका.

वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर भरायचा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. काही ठरावीक व्यवसायांना (अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, आयटी वगैरे) जमेच्या निम्मी रक्कम नफा धरण्याची सोय आहे. १९६१ च्या कायद्यातलं हे कलम ४४एडीए. मर्यादा ५० लाख, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. त्यांचा आगाऊ कर १५ मार्चला एकदम चालतो. ही यादी सगळ्यांना लागू नाही, आपलं काम तीत बसतं का ते सीएला विचारा. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, जुने लेख वाचताना ते लक्षात ठेवा. आणि धंद्याचं उत्पन्न असताना आयटीआर-१ हा साधा विवरण-फॉर्म भरता येत नाही.

## १०. मदतनीस आणि राजीनामा

पहिला मदतनीस पगारावर नको, ठरावीक कामावर घ्या. ग्राहकाला तुम्ही जे हक्क देणार तेच मदतनिसाकडून आधी लेखी घ्या, नाहीतर जे तुमचं नाही ते विकल्यासारखं होतं.

राजीनाम्याआधीची आणि नंतरची कामं, याच क्रमानं:

- सलग सहा महिने धंद्याची जमा घरखर्चाइतकी आहे आणि ती एकाच ग्राहकाकडून येत नाही, हे बँकेच्या पासबुकात दिसलं पाहिजे.
- स्वतःचा आरोग्य विमा सुरू करा. कंपनीचं कवच शेवटच्या दिवशी संपतं, नव्या पॉलिसीत सुरुवातीचे ३० दिवस प्रतीक्षेचे असतात आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ती मुदत तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते.
- घर घ्यायचं असेल तर कर्ज आधी. धंदा करणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणं मागतात.
- नोटिशीच्या काळात नवा ग्राहक घेऊ नका, आणि कंपनीच्या ग्राहकांना स्वतःहून निरोप धाडू नका.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप कुरिअरनं परत करायचा असेल तर सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि पोच मेलवर घ्या. दोन महिन्यांनी यूएएनवर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का ते बघा. चढली नसेल तर एचआरला लिहा, कारण त्या तारखेवाचून पीएफ काढायला गेलात तर अर्ज अडतो.